तराईबाईचे पाच दिवस

तराईबाई सिमेंटचा ताप पाहायची. पायाचा खांब भरला, दुसऱ्या दिवशी सेंट्रिंगच्या, म्हणजे साच्याच्या, प्लेटा निघाल्या, की ती लगेच पाण्याचा पाइप हातात घेत नसे. आधी खांबापाशी उकिडवी बसायची, हाताची उलटी बाजू त्याला टेकवायची आणि थोडा वेळ तशीच थांबायची. मग सांगायची, "चढला हाये," किंवा, "उतरून राह्यला." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. सिमेंट पाण्यात मिसळलं की उष्णता सोडतं हे मी डिप्लोमाला शिकले होते, त्यावर परीक्षेत प्रश्नही सोडवला होता. पण त्या उष्णतेला हात लावून पाहावा असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

बांधकामाला पाणी मारण्याला आमच्याकडे तराई म्हणतात आणि साइटवर काम करणाऱ्या बाईला रेजा. बाकीच्या रेजा माल वाहायच्या, रेती चाळायच्या, विटा द्यायच्या. ही फक्त तराई करायची. म्हणून सगळे तिला तराईबाईच म्हणत. ती हिंगणीची. बोर धरणाच्या अलीकडे तिचं घर होतं आणि मुलगी वर्ध्याला नर्स होती. "आता काम सोड," असं मुलगी दर फोनवर सांगायची. तराईबाई "व्हय, व्हय" म्हणून फोन ठेवायची आणि पाइप उचलायची. लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला दुपट्टा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. सकाळी साइटवरच्या पत्र्याच्या खोलीतून बाहेर आली की आधी सगळ्यांना जयभीम, मग खांबांची चौकशी.

मी रोहण्याची. कारंजा (घाडगे) इथली ती माझी पहिलीच नोकरी. हायवेला लागून एका व्यापाऱ्याचं मंगल कार्यालय उभं राहत होतं. काळ्या मातीत खोल खड्डे घेऊन पाया, पायातून वर आलेले कमरेएवढे चौदा बुटके खांब, खांबांच्या डोक्यांत रोवलेले बोल्ट, आणि त्या बोल्टांवर बसवायच्या सात मोठ्या लोखंडी फ्रेम. वर पत्रे. साइट माझ्या ताब्यात होती. म्हणजे कागदावर होती. तिथे ठेकेदाराचा शब्द चालायचा आणि माझी सही.

पहिल्या आठवड्यात तराईबाईने मला एकदा चांगलंच झापलं. "सिमेंट वाळलं का?" असं मी विचारलं होतं. तिने पाइप खाली टाकला. "वाळवाचं नसते पोरी थे. पिकवाचं असते. आंबा वाळवते काय कोणी?" साइटवर मला सगळे मॅडम म्हणत, ती एकटी पोरी म्हणायची. दुपारी डबा उघडला की माझ्या पोळीवर न विचारता ठेचा ठेवायची आणि माझ्या डब्यातली भाजी चाखून, "तुही माय मीठ कमी टाकते वं," असा शेरा मारायची. रोहण्याची आठवण येऊन मी गप्प बसले असले, तर नेमकं त्याच दिवशी तिला एखादी गोष्ट सांगायची हुक्की यायची.

तिच्या बोलण्यात बाळंतीण सारखी यायची. नवा पाया म्हणजे बाळंतीण. तिला ऊन लागू द्यायचं नाही, वारं लागू द्यायचं नाही, उठवायचं नाही. "सव्वा महिना आपण बाईले उचलू देतो का काही? मंग इले काऊन उठवता?" एवढे दिवस कुणी थांबत नाही हे तिलाही ठाऊक होतं. सात दिवसांना ती नाक मुरडायची, चौदा दिवसांना मान हलवायची, आणि अठ्ठावीस दिवस थांबणारा मालक आयुष्यात दोनदाच भेटला असं सांगायची. माझ्या पुस्तकातले आकडेही जवळपास तेच होते. फक्त माझं पुस्तक खोलीवर होतं आणि ती रोज उन्हात उभी होती.

चौदा खांब एका शनिवारी भरले. मे महिना. सकाळी नऊलाच हायवेचं डांबर मऊ पडायचं, आणि दुपारी ट्रकवाले ढाब्याच्या सावलीत ट्रकखाली चटया टाकून पडायचे. तराईबाईने खांबांना पोती गुंडाळली, दोऱ्या बांधल्या आणि टँकरच्या पाण्याने पोती भिजवून काढली. रविवार आणि सोमवार, असे दोनच दिवस टँकर आला. मग गावांच्या पाण्याची ओरड सुरू झाली आणि टँकर तिकडे गेले. मंगळवारी पोती ताठ वाळलेली होती. हात लावला की कुरकुर वाजायची.

त्या दिवसापासून ती डबे घेऊन हायवे ओलांडायला लागली. पलीकडच्या ढाब्यावर ट्रक धुवायची जागा होती. ढाब्यावर भाकऱ्या करणारी बाई तिच्या ओळखीची झाली होती. ती दोन डबे भरू द्यायची. भरधाव ट्रक जाऊ द्यायचे, डोक्यावर एक, कमरेवर एक डबा घेऊन रस्ता ओलांडायचा, एक खांब भिजवायचा, परत जायचं. चौदावा खांब होईपर्यंत पहिला सुकलेला असायचा. "टँकर बोलाव वं," ती मला म्हणाली. "यायचं अंग पेटून राह्यलं." मी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "दोन दिवस पाणी मारलं ना? खूप झालं."

घाई का होती ते बुधवारी कळलं. मालकाच्या मुलीचं लग्न याच कार्यालयात होणार होतं आणि पत्रिका छापून झाल्या होत्या. तीन आठवडे उरले होते. फ्रेम घेऊन ट्रेलर निघालाही होता. ठेकेदार दुपारी गाडीतून उतरला आणि त्याने मला बाजूला घेतलं. खांब चौदा दिवसांचे असल्याशिवाय फ्रेम चढवायची नाही, असं नागपूरच्या डिझाइनवाल्या साहेबांनी लिहून दिलेलं होतं, आणि ते गुरुवारी पाहायला येणार होते. आमच्याकडे प्रत्येक खांबावर तो भरल्याची तारीख लाल रंगाने लिहिलेली असते. माझ्याच हातची.

"दहा दिवस मागची टाका," ठेकेदार म्हणाला. आवाज अगदी साधा होता, चहा सांगावा तसा. "मॅडम, खांबाला काय होते? फ्रेमचं वजन काही पहिल्याच दिवशी येते का?"

मी नाही म्हणाले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर खूपदा केला. बहुतेक नोकरी गेली असती. जास्तीत जास्त एवढंच झालं असतं. पण त्या वेळी ते एवढंच वाटलं नाही. मी रंगाचा डबा मागवला. जुन्या आकड्यांवर सिमेंटचा हात फिरवून ते मिटवले आणि नवे लिहिले. सातव्या खांबापाशी मागे चाहूल लागली. तराईबाई रिकामा डबा घेऊन उभी होती. तिने आकडा वाचला. माझ्याकडे पाहिलं. खांबावरचं पोतं, मी वर केलेलं, तिने नीट खाली ओढून घेतलं आणि पाण्याला गेली.

गुरुवारी साहेब आले. चांगला माणूस होता, घाईत होता. तारखा वाचत खांबांच्या रांगेतून चालला. शेवटच्या खांबापाशी तराईबाई पोतं भिजवत होती. ती उठून सरळ समोर आली आणि म्हणाली, "साहेब, हे पाचच दिवसाचे हाये. अजून ताप उतरला नाई यायचा. चढवू नका."

साहेब थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. पंधरा-वीस माणसं होती, सगळी थांबली. आणि मी हसले. ते हसू मला आजही आठवतं. मी म्हणाले, "सर, ती अडाणी आहे. तिला दिवस मोजता येत नाहीत."

साहेबांनी मान डोलावली, कागदावर सही केली आणि ते जेवायला निघून गेले.

संध्याकाळी ठेकेदाराने तिला कामावरून काढलं. ती पत्र्याच्या खोलीत बोचकं आवरत असताना मी दाराशी जाऊन उभी राहिले. काय बोलायला गेले होते, मलाच माहीत नव्हतं. तिने साडीची घडी घातली, डबा बोचक्यात टाकला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चौथीपावत शिकली हावो मी. माह्या बापानं हात धरून शाळेत बसवलं होतं. बाबासाहेबांचं ऐकून बसवलं होतं. मले मोजता येते, पोरी."

ती हिंगणीला जाईल असं मला वाटलं. नव्हे, तशी आशाच होती. शुक्रवारी सकाळी हायड्रा क्रेन पहिली फ्रेम उचलत होती तेव्हा ती हायवे ओलांडून डबे घेऊन येताना दिसली. ढाब्यावरच्या बाईकडे झोपली होती. अजून ज्या खांबांवर फ्रेम चढल्या नव्हत्या त्यांना पाणी घालत राहिली. मुकादमाने हाकललं की पलीकडे जायची, तो वळला की परत यायची. शेवटी त्यानेच नाद सोडला.

शुक्रवारी दोन फ्रेम उभ्या राहिल्या, शनिवारी दुपारपर्यंत आणखी दोन. उघड्या रानात त्या चार लाल कमानी फार मोठ्या दिसायच्या. त्यांची सावली पडायची तिथे रेजा बसायच्या, कारण साइटवर दुसरी सावलीच नव्हती. एकीने खालच्या आडव्या पाइपला साडीचा पाळणा बांधून तान्ही मुलगी झोपवली होती. तराईबाईने तो पाळणा सोडला. त्या रेजेने आरडाओरडा केला, तरी मुलीला उचलून ती रस्त्याकडेच्या निंबाखाली घेऊन गेली. मग एकेकीला दंडाला धरून उठवायला लागली. "उठा इथून. उन्हात बसा, पण इथं बसू नका." बायका हसत होत्या, चिडत होत्या. म्हातारीचं डोकं फिरलं असं कुणीतरी म्हणालं. पण तिचं ऐकायची सवयच होती सगळ्यांना. कुरकुरत का होईना, त्या उठल्या.

त्यानंतर ती माझ्याकडे आली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "चाल," म्हणाली. मला तिसऱ्या फ्रेमच्या खांबापाशी नेलं. बोल्टच्या बुडापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. तिने डब्यातलं थोडं पाणी तिच्यावर ओतलं. ते ओघळलं नाही. रेघेत शिरलं आणि दिसेनासं झालं.

"पाह्यलं?" ती म्हणाली.

मी ठेकेदाराला फोन लावला. तो लग्नाच्या मंडपवाल्याशी बोलत होता. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "चीर गेली तर माल भरून टाका मॅडम, वरून दिसाले नाई पाहिजे," म्हणाला. मी फोन कानाला तसाच धरून उभी होते. पश्चिमेला आर्वीच्या बाजूचं आभाळ मातकट झालं होतं. समोरच्या ढाब्यावरचा कुत्रा उठून ट्रकखाली गेला. वारा अजिबात नव्हता. पिवळा झेंडूचा हार बांधलेला एक ट्रक उभा होता, त्या हाराची एकही पाकळी हलत नव्हती.

"वावधन येऊन राह्यलं," तराईबाई म्हणाली. वावधन म्हणजे वादळी वारा. "पोरांना उतरव. तुह्या शब्दानं उतरतीन थे. माह्या नाई उतरणार."

वर तीन फिटर होते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्या मनात आलं, वारा नाही आला तर? ठेकेदाराला काय सांगू? ते मोजून एक मिनिटही नसेल. तेवढ्यात तिनेच पाना उचलला आणि फ्रेमच्या लोखंडी खांबावर घण घण घण मारायला सुरुवात केली. "उतरा! उतरा रे बाबांनो!" मग मीही ओरडले. दोघे सरसर उतरले. तिसरा, प्रल्हाद, तिसऱ्या फ्रेमच्या माथ्यावर होता. "एक बोल्ट राह्यला मॅडम!" त्याने वरून सांगितलं. त्याच्या कमरेचा पट्टा फ्रेमला अडकवलेला होता. नियमच होता तसा; मीच रोज सकाळी तपासायचे.

वारा आला तो जमिनीसरशी धूळ घेऊन. फ्रेम हलली असं मला दिसलं नाही. आधी खालून आवाज आला, सुका, लाकूड मोडल्यासारखा. बोल्ट सिमेंटचं ढेकूळ घेऊन उपटून आले होते. तिसरी फ्रेम दुसरीवर गेली, दुसरी पहिलीवर. चौथी एकटीच उलट्या बाजूला, जिथे थोड्या वेळापूर्वी बायका बसल्या होत्या तिथे पडली. धुळीत काही दिसत नव्हतं. नुसता प्रल्हादचा आवाज येत होता, आणि तो येत होता म्हणून आम्ही देवाचे आभार मानत होतो. तराईबाई सगळ्यांच्या आधी पोचली. पट्टा कापेपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याला एकच गोष्ट सांगत होती, "खाली पाहू नको बापा. माह्याकडे पाह्य. खाली पाहू नको."

प्रल्हाद वाचला. उजवा पाय मांडीपासून गेला.

सोमवारी पोलीस ठाण्यात आम्हा सगळ्यांना बोलावलं. ठेकेदाराने एक टाइप केलेला कागद आधीच तयार ठेवला होता. तराईचं काम करणारी बाई हलगर्जी होती, तिने पाणी दिलं नाही, म्हणून काँक्रीट कच्चं राहिलं; खाली माझं नाव. मला नुसती सही करायची होती. तराईबाई बाहेरच्या व्हरांड्यात फरशीवर बसली होती. तिची मुलगी वर्ध्याहून आली होती, रागाने येरझारा घालत होती. मी तराईबाईजवळ गेले.

"मावशी, तू काहीच का बोलत नाहीस? त्यांना सांग ना."

"मी पाच दिवस बोलली," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी आत गेले, कागद सही न करता टेबलावर ठेवला आणि ठाणेदारांना सांगितलं की तारखा खोट्या आहेत, त्या मी लिहिल्या आहेत, आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही सांगितलं. बोलायला लागल्यावर फार वेळ लागला नाही. खटला अजून चालू आहे. बोलावलं की मी जाते आणि तेच सांगते. नोकरी गेली, मग वर्षभर दुसरी कुणी दिली नाही.

त्या वर्षात एकदा मी हिंगणीला गेले. निळ्या रंगाचं स्वच्छ घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, ओट्यावर मुलीने आणलेली नवी खुर्ची. तराईबाईने मला त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. काम सोडलं होतं. गुडघे धरले होते. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. मी माफीचं बोलायला लागले तशी तिने हात वर करून मला थांबवलं.

"प्रल्हादकडे गेलती?"

मी मान खाली घातली. दवाखान्यात एकदा दारापर्यंत गेले होते. आत गेले नव्हते.

"मंग इथं काऊन आली? माहं काय गेलं? माहे दोन्ही पाय शाबूत हाये." ती उठली, आत गेली, आणि पेपरात बांधलेले बुंदीचे चार लाडू आणून माझ्या हातात दिले. "हे त्याच्या पोरीले दे. चारची गाडी हाये. जाय आता. त्याच्याकडून आली का मंग माह्या घरी येजो. तवा जेवूनच जाशीन."

पुढे मला धुळ्याकडे काम मिळालं आणि तिच्याकडे जेवायला जायचं राहून गेलं. उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या मुलीचा फोन आला, आई गेली. मी गेले तेव्हा घराला कुलूप होतं. आता माझ्या हाताखाली चार साइट आहेत आणि एकाही पायावर मी मुदतीआधी एक वीटसुद्धा ठेवू देत नाही. लोक मला हट्टी म्हणतात. ते मला चालतं.

पण हे सगळं नंतरचं. हिंगणीहून त्या दिवशी मी चारच्या गाडीत बसले. दोन गाड्या बदलून प्रल्हादच्या गावी उतरले. घर विचारत विचारत गेले. तो अंगणात खाटेवर बसून सायकलची ट्यूब जोडत होता. कुबडी खाटेला टेकवलेली होती. मला ओळखायला त्याला जराही वेळ लागला नाही. त्याने हातातली ट्यूब बाजूला ठेवली आणि खाटेवर थोडा सरकला, माझ्यासाठी जागा केली. मी लाडवांचा पुडा धरून तशीच उभी होते. मग बसले.